अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज की अ‍ॅडव्हर्ब क्लॉज? ओळखण्याची रीत, पायरीपायरीने

दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना इंग्रजी वाक्यातला क्लॉज ओळखण्याची एक यादी बहुतेक वेळा आधीच पाठ असते. ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ दिसले की अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज आणि ‘व्हेन’, ‘व्हेअर’, ‘बिकॉज’, ‘इफ’ दिसले की अ‍ॅडव्हर्ब क्लॉज, अशी ती यादी. ती बऱ्याच वाक्यांत लागू पडते, त्यामुळे तिच्यावर विश्वास बसतो. आणि मग प्रश्नपत्रिकेत ‘द डे व्हेन’ किंवा ‘सो दॅट’ असे काही आले की तोच विश्वास गुण घालवतो. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यालाही ही यादी ठाऊक असते, हे विद्यार्थी विसरतात.

या लेखातील सगळी रीत एकाच गोष्टीवर उभी आहे: क्लॉजचा पहिला शब्द पाहून निर्णय करू नये, तो क्लॉज वाक्यातील कोणत्या शब्दाबद्दल काही सांगतो ते पाहावे. नामाबद्दल किंवा सर्वनामाबद्दल सांगत असेल तर तो अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज, म्हणजे आपल्या व्याकरणातले विशेषणवाक्य. क्रियापद, विशेषण किंवा क्रियाविशेषण यांच्याबद्दल सांगत असेल तर अ‍ॅडव्हर्ब क्लॉज, म्हणजे क्रियाविशेषणवाक्य. उदाहरणे येथे देवनागरीत दिली आहेत. ती वहीत रोमन लिपीत उतरवून घ्यावीत, म्हणजे स्पेलिंग आणि स्वल्पविराम या दोहोंकडे आपोआप लक्ष जाईल.

पहिली पायरी: क्रियापदांखाली रेघ ओढा

ज्या शब्दसमूहाला स्वतःचा कर्ता आणि काळ दाखवणारे स्वतःचे क्रियापद असते तो क्लॉज. म्हणून वाक्य समोर आल्यावर अर्थाच्या मागे न लागता आधी काळ दाखवणारी क्रियापदे शोधावीत. ‘हॅज बीन वेटिंग’ हे तीन शब्द मिळून एकच क्रियापद होते. ‘टु गो’ किंवा सहायक क्रियापदाशिवाय एकटे आलेले ‘सिटिंग’ यांना काळ नसतो, म्हणून ती मोजायची नाहीत. आज्ञार्थी वाक्यात मात्र ‘यू’ हा कर्ता लपलेला असतो, तेव्हा ते क्रियापद मोजावे लागते.

‘द बॉय सिटिंग निअर द विंडो इज माय कझिन’ या वाक्यात काळ दाखवणारे क्रियापद ‘इज’ एवढेच आहे. ‘सिटिंग निअर द विंडो’ हे शब्द मुलाचे वर्णन करत असले तरी तो क्लॉज नाही, फ्रेज आहे. ‘द बॉय हू इज सिटिंग निअर द विंडो इज माय कझिन’ असे लिहिले की क्रियापदे दोन होतात आणि ‘हू इज सिटिंग निअर द विंडो’ हा क्लॉज ठरतो. ही पायरी रटाळ वाटते, पण ती गाळणारे विद्यार्थी नंतर फ्रेजलाच क्लॉज समजून त्याचा प्रकार शोधत बसतात.

क्रियापदे सापडली की जोडणाऱ्या शब्दापासून त्या क्लॉजच्या शेवटापर्यंत कंस करावा. कंसाबाहेर जे उरेल ते प्रधानवाक्य. तसे होताना कंस कधीकधी वाक्याच्या मधोमध पडतो, याची सवय करून घ्यावी. वरच्या वाक्यात कर्ता ‘द बॉय’ कंसाच्या डावीकडे आणि त्याचे क्रियापद ‘इज’ कंसाच्या उजवीकडे आहे.

दुसरी पायरी: क्लॉज कशाला जोडलेला आहे ते विचारा

आता कंसातील मजकूर बाहेरच्या कोणत्या शब्दाला प्रश्न विचारल्यावर मिळतो ते पाहावे. ‘कोणता?’, ‘कोणती?’, ‘कोणते?’ असा प्रश्न नामाला विचारता आला आणि उत्तर कंसात मिळाले, तर अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. ‘केव्हा?’, ‘कोठे?’, ‘का?’, ‘कसे?’, ‘कोणत्या अटीवर?’, ‘कशासाठी?’, ‘किती?’ असा प्रश्न क्रियेला विचारता आला, तर अ‍ॅडव्हर्ब क्लॉज.

रत्नागिरी आणि मंडाले या दोन गावांची जोडी येथे उपयोगी पडते. ब्रिटिशांनी ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला मंडालेहून पदच्युत करून रत्नागिरीत आणून ठेवले, आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यातल्या टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा ठोठावून मंडालेच्या तुरुंगात पाठवले. ‘थिबा, हू वॉज द लास्ट किंग ऑफ बर्मा, डाइड इन रत्नागिरी’ या वाक्यातील कंसात येणारा भाग थिबा या नामाची ओळख सांगतो. तो अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. ‘थिबा लिव्ह्ड इन रत्नागिरी अनटिल ही डाइड इन १९१६’ येथे ‘अनटिल’पासूनचा भाग राहण्याची क्रिया कोठवर चालली ते सांगतो, तो अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. दोन्ही वाक्ये थिबाच्या मृत्यूबद्दलच आहेत, तरीही प्रकार वेगळे झाले, कारण प्रकार विषयावर ठरत नाही, जोडणीवर ठरतो.

आता ‘मंडाले इज द सिटी व्हेअर टिळक वॉज इम्प्रिझन्ड’ हे वाक्य घ्यावे. ‘व्हेअर’ पाहून हात ‘अ‍ॅडव्हर्ब’ लिहायला जातो. पण प्रश्न विचारून पाहा: ‘इज’ या क्रियापदाला ‘कोठे?’ असा प्रश्न विचारला तर काही अर्थ निघत नाही. ‘सिटी’ या नामाला ‘कोणते शहर?’ असे विचारले की लगेच उत्तर येते, टिळकांना जेथे तुरुंगात ठेवले होते ते शहर. म्हणून हा अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज.

एक सावधगिरी बाळगावी. अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज सहसा आपल्या नामाला लागूनच येतो, पण नेहमीच नाही. ‘द डे विल कम व्हेन ही विल अंडरस्टँड’ या वाक्यात ‘व्हेन’च्या आधी ‘कम’ हे क्रियापद आहे, तरी क्लॉज सांगतो ते ‘डे’बद्दल. म्हणून लगतच्या शब्दावर थांबू नये, प्रश्न विचारावा.

तिसरी पायरी: मराठीत बोलून पाहा

मराठी माणसाजवळ येथे एक असे साधन आहे, जे इंग्रजीतून लिहिलेल्या व्याकरणांत मिळणे शक्य नाही, आणि ते शिकवले जात नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. वर्गात ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’ या जोड्या सांगितल्या जातात. त्या उपयोगी आहेत, पण बोलताना आपण असे जोड-जोडीचे वाक्य सहसा करत नाही. ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ आहे’ असे म्हणण्याऐवजी आपण ‘काल आलेला मुलगा माझा भाऊ आहे’ म्हणतो. ‘जेव्हा तो आला तेव्हा आम्ही जेवलो’ असे म्हणण्याऐवजी ‘तो आल्यावर आम्ही जेवलो’ म्हणतो. म्हणजे इंग्रजीतला अख्खा क्लॉज आपण धातूला एक शेपूट लावून मिटवतो, आणि ते शेपूटच क्लॉजचा प्रकार सांगते.

क्लॉजचे सहज मराठी करताना धातूला ‘-लेला’, ‘-णारा’, ‘-ायचा’ असे रूप आले आणि ते पुढच्या नामाप्रमाणे ‘-लेली’, ‘-लेले’, ‘-णाऱ्या’ असे बदलू लागले, तर तो अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. ‘-ल्यावर’, ‘-ताना’, ‘-ताच’, ‘-ण्यापूर्वी’, ‘-ईपर्यंत’, ‘-ल्यामुळे’, ‘-ल्यास’, ‘-ल्याशिवाय’, ‘-ण्यासाठी’, ‘-ऊनही’ असे काही आले, तर तो अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. ही दुसरी रूपे कोणत्याही नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत नाहीत, हे लक्षात घ्यावे.

‘द मँगोज दॅट केम फ्रॉम देवगड वेअर स्वीट.’ मराठी होईल, ‘देवगडहून आलेले आंबे गोड होते.’ आंब्याऐवजी पेटी असती तर ‘आलेली’ झाले असते. म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. ‘व्हेन द मँगोज केम फ्रॉम देवगड, वी कॉल्ड द नेबर्स.’ मराठी होईल, ‘देवगडहून आंबे आल्यावर आम्ही शेजाऱ्यांना बोलावले.’ येथे आंबे येवोत की पेटी येवो, ‘आल्यावर’ बदलत नाही. म्हणून अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. याच रीतीने ‘बिफोर द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे गाडी सुटण्यापूर्वी, ‘अनलेस यू साइन’ म्हणजे तुम्ही सही केल्याशिवाय, ‘बिकॉज द रोड वॉज क्लोज्ड’ म्हणजे रस्ता बंद असल्यामुळे, ‘दो ही वॉज टायर्ड’ म्हणजे दमलेला असूनही. एकदा कानाला सवय झाली की ही कसोटी लावायला दोन-चार क्षण पुरतात.

प्रत्येक अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज असा मिटवता येत नाही. ‘द हाउस व्हेअर ही लिव्ह्ज’ याचे ‘तो राहणारे घर’ होणार नाही. आपण ‘तो राहतो ते घर’ म्हणू. अशा वेळी शेवटी येणारा शब्द पाहावा. ‘ते घर’, ‘तो दिवस’, ‘ते कारण’ असे नाम आले तर अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज; नुसते ‘तेथे’, ‘तेव्हा’, ‘तसे’, ‘म्हणून’ आले तर अ‍ॅडव्हर्ब क्लॉज.

यातला सर्वांत फसवा प्रकार ‘ज्या दिवशी… त्या दिवशी’ हा आहे. ‘द स्कूल वॉज क्लोज्ड ऑन द डे व्हेन द रिव्हर फ्लडेड’ म्हणजे ज्या दिवशी नदीला पूर आला त्या दिवशी शाळा बंद होती. विद्यार्थी म्हणतात, शाळा केव्हा बंद होती याचे हे उत्तर आहे, मग अ‍ॅडव्हर्ब का नाही? उत्तर ‘ऑन द डे’पासूनचे सगळे शब्द मिळून देतात, एकटा क्लॉज देत नाही. ‘व्हेन द रिव्हर फ्लडेड’ एवढाच कंस केला तर तो ‘डे’ला चिकटतो, कोणता दिवस ते सांगतो. ‘ऑन द डे’ हे शब्द काढून टाकून ‘द स्कूल वॉज क्लोज्ड व्हेन द रिव्हर फ्लडेड’ केले की तोच क्लॉज अ‍ॅडव्हर्ब होतो. शब्द तेच राहिले, नाम गेले आणि प्रकार बदलला.

चौथी पायरी: हलवून पाहा, काढून पाहा

शंका उरली तर आणखी दोन कसोट्या आहेत. पहिली, क्लॉज उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवावा. अर्थ न बिघडता तो तेथे बसला तर तो अ‍ॅडव्हर्ब क्लॉज असतो. ‘आय विल कॉल यू इफ द बस इज लेट’ याचे ‘इफ द बस इज लेट, आय विल कॉल यू’ सहज होते. ‘द बस विच गोज टु चिपळूण इज लेट’ याचे ‘विच गोज टु चिपळूण, द बस इज लेट’ होत नाही. ही कसोटी एकाच दिशेने खरी आहे, हे मात्र विसरू नये. ‘सो… दॅट’ मधला ‘दॅट’चा क्लॉज आणि तुलनेतला ‘दॅन’चा क्लॉज हे अ‍ॅडव्हर्ब क्लॉज असूनही जागचे हलत नाहीत. हलला तर अ‍ॅडव्हर्ब. हलला नाही तर अजून काही सिद्ध झाले नाही.

दुसरी कसोटी जोडणारा शब्द काढून टाकण्याची. ‘बिकॉज ही वॉज इल’ मधून ‘बिकॉज’ काढले तर ‘ही वॉज इल’ हे पूर्ण वाक्य उरते. ‘हू ब्रोक द विंडो’ मधून ‘हू’ काढले तर ‘ब्रोक द विंडो’ उरते आणि कर्ता नाहीसा होतो. ‘विच आय बॉट’ मधून ‘विच’ काढले तर कर्म नाहीसे होते. कारण ‘हू’, ‘विच’ आणि अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉजमधला ‘दॅट’ हे नुसते सांधे नसतात. त्या क्लॉजच्या आत त्यांना कर्त्याचे किंवा कर्माचे काम असते. ‘दॅट’ची गाठ सोडवायला ही कसोटी सर्वांत चांगली.

फसवे शब्द

‘व्हेअर’ आणि ‘व्हेन’ तीन ठिकाणी येतात. ‘शिवनेरी इज द फोर्ट व्हेअर शिवाजी महाराज वॉज बॉर्न’ येथे तो किल्ल्याबद्दल सांगतो: अ‍ॅडजेक्टिव्ह. ‘वी रेस्टेड व्हेअर द रोड टर्न्स’ येथे विश्रांती कोठे घेतली ते सांगतो: अ‍ॅडव्हर्ब. ‘नोबडी नोज व्हेअर ही लिव्ह्ज’ येथे माहीत नसलेली गोष्टच तो क्लॉज आहे, म्हणजे ‘नोज’चे कर्म: नाउन क्लॉज, आपले नामवाक्य. पहिल्या दोहोंत फरक करायचा असेल तर ‘व्हेअर’च्या जागी ‘इन विच’ किंवा ‘अ‍ॅट विच’ घालून पाहावे. ‘द फोर्ट इन विच शिवाजी महाराज वॉज बॉर्न’ चालते. ‘वी रेस्टेड अ‍ॅट विच द रोड टर्न्स’ चालत नाही. ‘नाइन्टीन सिक्स्टी वॉज द इयर व्हेन महाराष्ट्र बिकेम अ स्टेट’ यात ‘इन विच’ बसते, म्हणून तोही अ‍ॅडजेक्टिव्ह. ‘द रीझन व्हाय ही लेफ्ट’ मधला ‘व्हाय’ याच पंक्तीतला. त्याच्या जागी ‘फॉर विच’ बसते.

‘दॅट’ अधिक त्रास देतो, आणि येथे मराठी पुन्हा मदतीला येते. ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट वॉज फॉल्स’ आणि ‘द न्यूज दॅट ही हॅड रिझाइन्ड वॉज फॉल्स’ ही दोन वाक्ये सारखी दिसतात. पहिल्याचे मराठी ‘त्याने आणलेली बातमी खोटी होती’, दुसऱ्याचे ‘त्याने राजीनामा दिल्याची बातमी खोटी होती’. ‘आणलेली’ आणि ‘दिल्याची’ यांतील फरक कान ताबडतोब टिपतो. पहिल्यात ‘ही ब्रॉट’ला कर्म हवे आहे, ते काम ‘दॅट’ करतो: अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. दुसऱ्यात ‘ही हॅड रिझाइन्ड’ स्वतःच पूर्ण आहे आणि बातमी काय होती ते तो क्लॉज सांगतो: नाउन क्लॉज. ‘ही स्पोक सो सॉफ्टली दॅट नोबडी हर्ड हिम’ यातला ‘दॅट’ तिसरा. तो किती हळू ते सांगतो, ‘सॉफ्टली’ या क्रियाविशेषणाला जोडलेला आहे: अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. ‘आय अ‍ॅम ग्लॅड दॅट यू केम’ येथे ‘ग्लॅड’ या विशेषणाला जोडलेल्या क्लॉजला शालेय व्याकरणात अ‍ॅडव्हर्ब क्लॉज म्हणतात. अलीकडची काही व्याकरणे त्याला विशेषणाचे पूरक म्हणतात, पण परीक्षेपुरते पहिले उत्तर द्यावे.

‘अ‍ॅज’ बहुतेक वेळा अ‍ॅडव्हर्ब क्लॉज सुरू करतो: कारण, वेळ, रीत, तुलना. आधी ‘सच’ किंवा ‘द सेम’ लागलेले नाम असेल तर मात्र तो ‘विच’चे काम करतो, जसे ‘सच बुक्स अ‍ॅज आय हॅव आर युवर्स’, म्हणजे माझ्याजवळ असलेली पुस्तके तुमचीच. हा प्रयोग आज बोलण्यात फारसा नाही. तो परीक्षांनी जिवंत ठेवला आहे.

जोडणारा शब्दच नसेल तर? ‘द बस वी मिस्ड वॉज द लास्ट वन’ या वाक्यात ‘द बस’ आणि ‘वी’ ही नाम-सर्वनामांची जोडी मध्ये काहीही नसताना शेजारी आली आहे. असे दिसले की तेथे ‘दॅट’ गाळला आहे असे समजावे. आमची चुकलेली बस: अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. उलट ‘द मोमेंट ही सॉ मी, ही रॅन’ यात तसेच दिसत असले तरी ‘द मोमेंट’ हे शब्द ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’चे काम करतात, मराठीत ‘मला पाहताच’ होते, आणि तो सबंध भाग अ‍ॅडव्हर्ब क्लॉज धरला जातो. ‘एव्हरी टाइम’चेही तसेच.

‘ही पास्ड, विच सरप्राइज्ड एव्हरीवन’ या वाक्यातला ‘विच’ एका नामाकडे न पाहता आधीच्या सगळ्या घटनेकडे पाहतो. येथे स्वल्पविराम अत्यावश्यक आहे. एवढे लक्षात ठेवून पुढे जावे.

ओळखता आल्याचा उपयोग काय?

परीक्षेतील दोन गुणांपलीकडे या फरकाचा खरा उपयोग काळाची निवड करताना होतो. वेळ आणि अट दाखवणाऱ्या अ‍ॅडव्हर्ब क्लॉजमध्ये भविष्याबद्दल बोलतानाही साधा वर्तमानकाळ वापरतात. ‘आय विल टेल हिम व्हेन ही कम्स’ बरोबर; ‘व्हेन ही विल कम’ चूक. पण अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉजला हे बंधन नाही: ‘द डे विल कम व्हेन ही विल अंडरस्टँड’ बरोबर आहे. नाउन क्लॉजलाही नाही: ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ बरोबर आहे. ‘व्हेन’नंतर ‘विल’ येत नाही असा नियम घोकलेले विद्यार्थी शेवटची दोन वाक्ये हमखास ‘सुधारतात’.

स्वल्पविरामाचेही असेच. अ‍ॅडव्हर्ब क्लॉज आधी आला तर त्याच्यानंतर स्वल्पविराम द्यावा. शेवटी आला तर सहसा लागत नाही. अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉजमध्ये स्वल्पविराम अर्थच बदलतो. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नागपूर इज अ डॉक्टर’ म्हणजे मला अनेक भाऊ आहेत आणि त्यांपैकी नागपूरचा डॉक्टर आहे. ‘हू लिव्ह्ज इन नागपूर’च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम दिले की भाऊ एकच उरतो आणि तो नागपूरला राहतो ही जादा माहिती होते.

मराठीची मदत आपण घेतली, तशी तिने लावलेल्या सवयींची किंमतही ओळखावी. मराठीला जोडीतले दोन्ही शब्द हवे असतात, इंग्रजीला एकच पुरतो. ‘जरी… तरी’मुळे ‘ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ असे लिहिले जाते. येथे ‘ऑल्दो’ आणि ‘बट’ यांतले एकच ठेवावे. ‘जो… तो’मुळे ‘हू वर्क्स हार्ड, ही सक्सीड्स’ होते. ‘दोज हू वर्क हार्ड सक्सीड’ असे हवे. ‘जे पुस्तक मी घेतले ते…’मुळे ‘द बुक विच आय बॉट इट इज गुड’ होते. ‘विच’ने कर्माचे काम आधीच केलेले असल्यामुळे ‘इट’ जादा ठरते. आणखी एक सवय नजरेत येत नाही: मराठीत नाम ‘जो’च्या वाक्याच्या आत असते, ‘जो मुलगा आला तो’, तर इंग्रजीत ते कंसाच्या बाहेर, आधी येते. म्हणून कंस करताना ‘द बॉय’ आत ओढला जातो. कंस नेहमी जोडणाऱ्या शब्दापासूनच सुरू करावा. त्या शब्दाच्या आधी ‘इन विच’ किंवा ‘टु हूम’सारखे प्रिपोझिशन असेल तर त्याला आत घ्यावे.

एक लांब वाक्य, सावकाश

‘द वुमन हू सेल्स फिश निअर द स्टेशन गोज होम व्हेन द रेन स्टार्ट्स, ईव्हन इफ द बास्केट शी कॅरीज इज स्टिल हाफ फुल.’

क्रियापदे: सेल्स, गोज, स्टार्ट्स, कॅरीज, इज. पाच क्रियापदे, म्हणून पाच क्लॉज. जोडणारे शब्द मात्र तीनच दिसतात: हू, व्हेन, ईव्हन इफ. पाचांतला एक क्लॉज प्रधानवाक्य धरला तर चार सांधे हवेत. म्हणजे एक गाळलेला आहे, आणि ‘द बास्केट शी’ ही शेजारची जोडी त्याची जागा दाखवते.

प्रधानवाक्य ‘द वुमन गोज होम’. ‘हू सेल्स फिश निअर द स्टेशन’ म्हणजे स्टेशनजवळ मासे विकणारी. ‘विकणारी’ हे रूप बाईप्रमाणे बदलले, म्हणून अ‍ॅडजेक्टिव्ह. ‘व्हेन द रेन स्टार्ट्स’ म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर, जाण्याची वेळ सांगतो, म्हणून अ‍ॅडव्हर्ब. ‘ईव्हन इफ द बास्केट इज स्टिल हाफ फुल’ म्हणजे पाटी अर्धी भरलेली असली तरी, तोही ‘गोज’लाच जोडलेला अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. ‘शी कॅरीज’ म्हणजे तिच्या डोक्यावरची, तिने वाहून नेलेली पाटी. हा अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज प्रधानवाक्याला नव्हे, अ‍ॅडव्हर्ब क्लॉजच्या आतल्या ‘बास्केट’ला जोडलेला आहे. क्लॉजच्या पोटात क्लॉज असतो तो असा. अशा वेळी आतला कंस आधी सोडवावा, मग बाहेरचा.

सरावासाठी

पुढील वाक्यांतील गौण क्लॉज स्वतः ओळखून मगच खालचा परिच्छेद वाचावा. ‘सिट व्हेअर यू कॅन सी द बोर्ड.’ ‘आय रिमेंबर द लेन व्हेअर वी प्लेड.’ ‘ही रॅन अ‍ॅज फास्ट अ‍ॅज ही कुड.’ ‘द फॅक्ट दॅट शी इज यंग डझ नॉट मॅटर.’ ‘सिन्स यू हॅव कम, स्टे फॉर डिनर.’ ‘टेल मी द टाइम व्हेन द ऑफिस विल ओपन.’

पहिला अ‍ॅडव्हर्ब: फळा दिसेल तेथे बस, ‘तेथे’च्या जागी नाम नाही. दुसरा अ‍ॅडजेक्टिव्ह: आम्ही खेळलो ती गल्ली. तिसरा अ‍ॅडव्हर्ब: किती जोरात ते सांगतो. चौथा नाउन क्लॉज: ‘शी इज यंग’ स्वतः पूर्ण आहे आणि मराठी ‘ती लहान असल्याची’ असे होते. पाचवा अ‍ॅडव्हर्ब: आलाच आहात तर किंवा आला आहात म्हणून, येथे ‘सिन्स’ कारण दाखवतो, वेळ नव्हे, पण प्रकार तोच. सहावा अ‍ॅडजेक्टिव्ह: कार्यालय उघडेल ती वेळ. त्यातला ‘विल’ बरोबर आहे. ‘द टाइम’ हे दोन शब्द खोडले तर ‘टेल मी व्हेन द ऑफिस विल ओपन’ उरते, तेव्हा तो क्लॉज ‘टेल’चे कर्म म्हणजे नाउन क्लॉज होतो आणि ‘विल’ तरीही तसाच राहतो. ‘टेल मी व्हेन द ऑफिस ओपन्स’ असे लिहिले तर मात्र वाक्य दोन प्रकारे वाचता येते: कार्यालय केव्हा उघडते ते सांग, किंवा कार्यालय उघडल्यावर मला सांग. पहिल्या अर्थाने तो नाउन क्लॉज, दुसऱ्या अर्थाने अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. अशा वाक्यात आजूबाजूचा मजकूर पाहिल्याशिवाय उत्तर लिहू नये.